वणी-मारेगांव भागांतील शंकरपट व त्याचे कागद

जुने कागद गोळा करणाऱ्या गृहस्थांची एक संवय आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली आहे. दप्तराचा रुमाल सुटला कीं मोडी अक्षराची सनद, वतनाचा महजर, तहनामा किंवा कैफियत एवढें बाजूस काढावयाचें, आणि तळाशीं राहिलेले छापील चिटोरे, वर्गणीच्या याद्या व जत्रेचीं पत्रकें रद्दींत टाकावयाचीं. सनदेचें मोल सर्वांस कळतें, पत्रकाचें कळत नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच एका उपेक्षित कागदाचा विचार करावयाचा आहे. तो कागद शंकरपटाचा. मात्र कागद ओळखावयाचा तर आधीं पट कसा भरत असे हें समजून घेतलें पाहिजे, म्हणून पहिल्यानें तेंच सांगतों.

शंकरपट म्हणजे हलक्या गाडीस जुंपलेल्या बैलजोडीची सरळ पट्टीवरील शर्यत. देशावर बैलगाड्यांची शर्यत म्हणतात ती याच जातीची, परंतु मांडणी निराळी. पुणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत घाटावर, म्हणजे मुद्दाम चढाच्या केलेल्या धांवपट्टीवर, चार बैल गाडीस असतात व त्यांच्यापुढें स्वारासह घोडी धांवते. साताऱ्या-सांगलीकडे सपाट माळावर अनेक गाड्या एकदम सुटतात. वऱ्हाडांत व नागपूर प्रांतांत जोडी दोनच बैलांची, गाडी नांवापुरती, आणि पट्टी सरळ व आंखूड. या पट्टीवरूनच 'पट' हा शब्द आला असावा असें आमचें मत आहे. 'शंकर' हें नांव नंदीच्या धन्याचें, आणि पटांचा हंगाम महाशिवरात्रीच्या सुमारास ओसरूं लागतो हेंही त्याशीं जुळतें. पण नांवांत देव आला एवढ्यावरून पट पुराणकालापर्यंत नेऊन पोंचविण्याची जी हौस कित्येकांस आहे, ती संशोधकास शोभत नाहीं.

मारेगांव हें वणीच्या पश्चिमेस, वणीहून करंजीमार्गें यवतमाळास जाणाऱ्या रस्त्यावर वसलेलें आहे. पूर्वेस वर्धा नदी व तिच्यापलीकडे चांद्याचा मुलूख, दक्षिणेस पैनगंगा. १८५३ च्या तहानें निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें या भागाचा जो जिल्हा झाला त्यास वणीचेंच नांव होतें. इंग्रजी कागदांत तें 'वून' असें येतें, आणि त्यामुळें परक्या वाचकाचा घोंटाळा होतो. १९०३ सालीं वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला व १९०५ सालीं जिल्ह्याचें नांव यवतमाळ झालें. तेव्हां एखाद्या पत्रकावर 'वणी जिल्हा' असा उल्लेख दिसल्यास तें पत्रक बहुधा त्या सालापूर्वींचें, असा एक ढोबळ आडाखा संग्राहकानें जवळ ठेवावा. जुनें नांव लोकांच्या तोंडीं व लेखणींत कांहीं वर्षें टिकतें, म्हणून 'बहुधा' म्हटलें.

हा मुलूख काळ्या जमिनीचा, कापसाचा व ज्वारीचा. कापसाची वेंचणी दिवाळीच्या मागेंपुढें सुरू होऊन पौषापर्यंत चालते, ज्वारी त्याच सुमारास निघते, आणि माघांत शेत मोकळें व हात रिकामे होतात. कापूस विकून आलेला पैसा याच दिवसांत शेतकऱ्याच्या कनवटीस असतो. बैलही पावसाळ्यांतील वखरणी-डवरणीच्या कष्टांतून सुटून सरकी व कडबा खाऊन सावरलेले असतात. शेत, पैसा, फुरसत व बैलाचें अंग हीं चारही एकत्र येण्याचा काळ वर्षांत एकदांच येतो, आणि पट त्याच काळांत भरतो. पंचांगांतील मुहूर्तापेक्षां पिकाच्या मुहूर्ताचा अधिकार येथें मोठा आहे.

पटाचा ठराव गांवच्या बैठकींत होत असे. येथें वऱ्हाड व वर्धेपलीकडील प्रांत यांतील एक भेद लक्षांत घेण्याजोगा आहे. पलीकडे नागपूर, भंडारा, चांदा या भागांत मालगुजारी पद्धत होती. गांवचा सारा भरण्याची जबाबदारी मालगुजारावर व गांवांत त्याचा शब्द मोठा, त्यामुळें पटास जमीन देणारा, मंडप घालणारा व पाहुण्यांस जेवूं घालणारा एकच धनी असूं शके. वऱ्हाडांत मुंबई इलाख्याप्रमाणें रयतवारी. खातेदार अनेक, पाटील, पटवारी व देशमुख यांचा मान असला तरी खर्च एकट्याच्या अंगावर पडण्याचें कारण नव्हतें. म्हणून वऱ्हाडच्या पटांत वर्गणीला महत्त्व. वर्गणी आली कीं यादी आली, यादी आली कीं हिशेब आला, आणि हिशेबावरून तंटेही आले. मालगुजाराच्या घरच्या पटाचा खर्च शोधावयाचा तर त्याची खाजगी चोपडीच हातीं यावी लागते. वऱ्हाडच्या पटाची वर्गणीयादी कोणत्याही खातेदाराच्या कोनाड्यांत सांपडण्याचा संभव असतो. संग्राहकास ही गोष्ट फार सोयीची आहे.

दिवस ठरवितांना आसपासचे आठवड्याचे बाजार व जत्रा पाहाव्या लागत. वणीस श्रीरंगनाथस्वामींची यात्रा भरते व तींत मोठा बैलबाजार असतो. अशा बाजाराशीं टक्कर घेऊन पट ठेवणें म्हणजे आपल्याच हातानें जोड्या घालविणें. उलट बाजारापूर्वीं ठेवला तर पटांत नांव काढलेल्या बैलास बाजारांत चढा भाव येतो. पटाचा हेतु केवळ करमणुकीचा होता असें म्हणणाऱ्यांनीं हा संबंध पाहिलेला नसतो. शेतकरी बैल घेतांना दांत पाहातो, खूर पाहातो, वशिंड व पाठ चांचपतो. पण बैलाची चाल व दम चार पावलें फिरवून कळत नाहीं. ती परीक्षा पटांत हजारों डोळ्यांदेखत होते. वर्धा-नागपूरकडील गवळाऊ जातीचा बैल अंगानें मध्यम, पायानें हलका व चालीस जलद म्हणून प्रसिद्ध आहे. रेंगी व दमणी या प्रवासाच्या गाड्यांस असेच बैल लागत. आगगाडी व मोटार येण्यापूर्वीं ज्याच्या दारीं जलद जोडी त्याच्या घरचा निरोप, वैद्य आणि वऱ्हाडी मंडळी वेळेवर पोंचत. या गरजेनें जी जात जोपासली तिची कसोटी पटांत लागे.

पट्टीची तयारी हें सर्वांत मेहनतीचें काम. काळी जमीन वाळली म्हणजे भेगाळते, आणि भेगेंत बैलाचा पाय गेला तर तो बैल जन्माचा गेला. म्हणून होतां होईल तों बरड जमीन निवडावी. ती न मिळाल्यास पऱ्हाटी उपटून, धसकटें वेंचून, वखर घालून, ढेकळें फोडून व भेगा बुजवून पट्टी करावी लागते. दोन जोड्या एकदम सोडावयाच्या तर शेजारीं शेजारीं दोन पट्ट्या, मध्यें मातीचा वरंबा. भंडाऱ्याकडे या पट्टीस 'दान' म्हणतात. त्या बाजूच्या कागदांत हा शब्द आला तर धर्मादायाचा समजूं नये. पट्टी जेथें संपते तिच्यापुढेंही बरीच मोकळी जागा ठेवणें अवश्य असतें, कारण सुटलेली जोडी निशाणापाशीं थांबत नाहीं. ही जागा अपुरी ठेवल्यानें प्रेक्षकांत जोडी घुसण्याचे प्रसंग येतात. पट भरविणारा जाणता कीं नवखा हें पट्टीच्या आरंभावरून कळत नाहीं, शेवटावरून कळतें.

गाडीस छकडी म्हणतात. तींत माल राहात नाहीं, माणूसही नीट बसत नाहीं. दोन चाकें, आंस, दांडी व जूं एवढाच ऐवज. हाकणाऱ्यास धुरकरी म्हणतात. त्याच्या एका हातांत कासरा व दुसऱ्यांत तुतारी. येथें देशावरील वाचकांनीं थबकावें. वऱ्हाडांत तुतारी म्हणजे फुंकावयाचें वाद्य नव्हे, तर टोंकास आर बसविलेली बैल हाकण्याची काठी. देशावर तीस पराणी म्हणतात. एका विद्वान् मित्रानें 'तुतारी लावूं नये' या शब्दांचा अर्थ 'वाद्यें वाजवूं नयेत' असा लावून आम्हांस दाखविला होता. वास्तविक तो बैलांस टोंचण्याच्या मनाईचा नियम, आणि तेवढ्या तीन शब्दांत पट भरविणारांची दृष्टि दिसते.

जोडी नोंदवितांना मालकाचें नांव, गांव व प्रवेशाची रक्कम लिहून घेतात. ज्या गांवचा पट त्या गांवच्या जोड्यांचा एक गट व बाहेरून आलेल्या सर्वांचा दुसरा, अशी विभागणी हल्लींच्या पटांत आढळते. देशावर बैलाच्या वयाप्रमाणें आदत, दुसा, चौसा असे दांतांवरून गट पाडतात. कोणाची जोडी कोणाबरोबर सुटावी हें चिठ्ठ्या टाकून ठरवितात. आरंभीं झेंडीवाला, शेवटीं पंच. जेथें घड्याळावर पट चालतो तेथें जोडी एकटीच सोडून सेकंद मोजतात व मग तंटा घड्याळाशीं होतो. जेथें जोडीस जोडी लागते तेथें तंटा पंचाशीं होतो. बक्षिसांत पागोटें, चांदीचें कडें, घुंगुरमाळ, झूल व रोख रक्कम या जुन्या चालीच्या वस्तु. अलीकडे मोटारसायकलीपर्यंत मजल गेली आहे. रात्रीं मनोरंजन. पूर्वेकडे झाडीपट्टींत पट व नाटक यांची सांगड इतकी पक्की आहे कीं तिकडील नाटकमंडळ्यांचा हंगाम पटांच्या व मंडईच्या तारखांवर चालतो. त्या रंगभूमीचा इतिहास लिहूं इच्छिणारानें पटाचीं पत्रकें टाळून चालणार नाहीं.

आतां घोड्यांच्या शर्यतीकडे वळूं. विषयांतर वाटेल, परंतु पटाच्या कागदांत काय असतें व काय नसतें हें तुलनेनेंच स्पष्ट होतें.

मुंबईचा टर्फ क्लब १८०२ सालीं भायखळ्यास स्थापन झाला, महालक्ष्मीचें मैदान १८८३ सालीं चालू झालें, पुण्याचें मैदान १८३० चें. १९३५ सालीं क्लबास 'रॉयल' ही पदवी मिळाली. एवढ्या तारखा आम्ही येथें सहज देऊं शकतों याचें कारण त्या खेळाचा प्रत्येक कारभार छापील कागदावर चालला. विसाव्या शतकाच्या आरंभीं छावणीच्या गांवीं किंवा एखाद्या संस्थानांत लहानशी शर्यत भरवावयाची तरी आधीं पत्रक प्रसिद्ध करावें लागे. त्यांत प्रत्येक धांवेचें अंतर, बक्षीस, प्रवेशफी, नांवें देण्याची शेवटची तारीख व घोड्याचा वर्ग—अरबी, विलायती कीं देशी पैदाशीचा—हें नमूद असे. तट्टांची उंची मुठींनीं मोजीत; एक मूठ चार इंचांची. उंचीप्रमाणें किंवा पूर्वींच्या कामगिरीप्रमाणें घोड्यावर वजन ठरे. स्वारास खोगिरासह तराजूवर तोलीत व धांव संपल्यावर पुन्हां तोलीत. देखरेखीस स्टुअर्ड, मैदानाच्या व्यवस्थेस निराळा अधिकारी, सोडणारा एक, निकाल देणारा दुसरा. निकाल छापून निघे. त्यांत घोड्याचें नांव, मालकाचें नांव, जॉकीचें नांव, वजन व अंतर. मान्य क्लबाच्या नियमांबाहेर भरलेल्या शर्यतींत भाग घेणाऱ्या घोड्यास, मालकास व स्वारास मान्य शर्यतींचीं दारें बंद होत. या एका शिक्षेच्या धाकानें लांबलांबच्या लहान शर्यतीही एकाच साच्यांत बसल्या, आणि साच्याबरोबर कागदही टिकला.

पटास असा वरिष्ठ क्लब नव्हता. प्रत्येक गांव आपल्या पटाचा धनी. नियम तोंडीं, पंच ओळखीचा, निकाल आरोळीनें. म्हणून जो थोडा कागद झाला तो हिशेबाचा व निमंत्रणाचा. कागद थोडा म्हणूनच तो जपण्याची जबाबदारी अधिक.

बैल व घोडा यांस जोडणारा एक धागा मात्र हस्तलिखितांच्या संग्राहकांस चांगला परिचित आहे. शालिहोत्राच्या मराठी पोथ्यांत घोड्याच्या अंगावरील केसांच्या भोंवऱ्यांचीं शुभाशुभ फळें दिलेलीं असतात. गळ्यावरचा देवमण शुभ; पायावर केसांचा रोख खालीं असेल तर खुंटेगाड, म्हणजे धन्याचा खुंटा घट्ट करणारा, व वर असेल तर खुंटेउपाड; गोम अशुभ. आपण रोजच्या बोलण्यांत 'यांत एक गोम आहे' म्हणतों तें या अश्वपरीक्षेंतूनच आलेलें. बैलबाजारांत हींच लक्षणें बैलास लावितात. पागेंतील शास्त्र गोठ्यांत कसें उतरलें याचा विचार करणारास पोथी एका हातांत व बैलाच्या विक्रीची पावती दुसऱ्या हातांत घ्यावी लागेल, कारण वर्णनाचे शब्द दोहींत तेच सांपडतात.

पटाच्या यादीचें आम्हांस वाटणारें खरें महत्त्व याहून निराळें आहे, आणि तें पोळ्याशीं ताडून पाहिल्यास ध्यानांत येतें. श्रावण वद्य अमावास्येस पोळा. त्या दिवशीं बैल काम करीत नाहीं. त्यास न्हाऊं घालून, शिंगें रंगवून, तोरणाखालीं नेतात. तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जावी हें ठरलेलें असतें. तो पाटलाचा मान. मागून कोणीं कोणत्या क्रमानें यावें यावरूनही गांवोगांव वाद झाले. वतनदारांच्या दप्तरांत पोळ्याच्या, होळीच्या व इतर सणांच्या मानपानाचे तंटे, त्यांवरील महजर व निवाडे सांपडतात ते याच कारणास्तव. थोडक्यांत, पोळ्याचा क्रम जन्मानें ठरतो.

पटांत क्रम चिठ्ठीनें ठरतो व निकाल पायानें. पाटलाची जोडी मागें पडली तर पाटलाचा मान तीस पुढें आणूं शकत नाहीं. वर्षांतून ज्या गांवांत एकदां पोळ्याची रांग लागते व दुसऱ्यांदां पटाची यादी होते, त्या दोन याद्या शेजारीं ठेवून पाहिल्यास वतनाची उतरंड व बैलाची उतरंड यांतील अंतर मोजतां येईल. ग्रामसंस्थेच्या अभ्यासकास याहून सरळ साधन आम्हांस सुचत नाहीं.

अर्थात् या समतेवर फार भाळूं नये. पटाची जोडी पोसणें गरिबाचें काम नव्हे. शेतकामास न लावतां ज्यास दोन बैल वर्षभर सरकीवर ठेवतां येतात तोच पटांत उतरतो. आणि जोडी हाकणारा बहुतेक वेळां धनी नसतो. तो घरचा सालदार, नाहींतर हाकण्यांतच नांव मिळविलेला कोणी गडी असतो. बैलांस सकाळ-संध्याकाळ फिरविणें, त्यांचा चारापाणी, अंग रगडणें, दोघांची चाल एकमेकांस मिळविणें हें सर्व त्याचें, आणि छकडीवरून पडून हाडें मोडलीं तर तींही त्याचींच. बक्षीस मात्र धन्याच्या नांवानें पुकारलें जातें. घोड्यांच्या शर्यतीच्या निकालांत जॉकीचें नांव छापण्याची रीतच आहे. तो पगारी नोकर असला तरी त्याच्या कामगिरीचा जमाखर्च कागदावर राहातो. पटाच्या यादींत धुरकऱ्याचा रकाना असेलच असें नाहीं. म्हणून ज्या यादींत धुरकऱ्याचें नांव मालकाच्या नांवाशेजारीं लिहिलेलें असेल, ती यादी संग्राहकानें सनदेइतकी जपावी अशी आमची आग्रहाची विनंती आहे. सालदाराचें नांव सालाच्या करारावर व सावकाराच्या चोपडींत येतें, तेथें तो ऋणको असतो. कुशल माणूस म्हणून त्याचें नांव येण्याची जागा ही. अमरावती जिल्ह्यांत तळेगांव दशासर येथें कृषक सुधार मंडळाच्या पटांत स्त्रियाही जोड्या हाकतात. तेथील धुरकरणींचीं नांवें तरी पुढील संशोधकास शोधावीं लागूं नयेत.

हा सर्व प्रश्न केवळ संग्राहकांच्या हौसेचा राहिलेला नाहीं हें अलीकडील न्यायालयीन इतिहासावरून दिसून येईल. जनावरांस क्रूरतेनें वागविण्याविरुद्धचा कायदा इंग्रजी अंमलांत १८९० सालीं झाला; स्वतंत्र हिंदुस्थानांत त्याच्या जागीं १९६० चा कायदा आला. ११ जुलै २०११ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें, ज्या जनावरांस खेळ करून दाखविण्यासाठीं शिकवितां येत नाहीं त्यांच्या यादींत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या जोडीस बैल घातला. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तामिळनाडूंतील जल्लिकट्टू व महाराष्ट्रांतील बैलगाडा शर्यती दोन्ही बंद केल्या. बैलाची शेपटी पिरगळणें, चावणें, आर टोंचणें इत्यादि प्रकार त्या प्रकरणांत पुढें आले होते, आणि ज्यांनीं कांहीं पट डोळ्यांनीं पाहिले आहेत त्यांस ते सर्वस्वीं खोटे म्हणतां येणार नाहींत. घोड्यांच्या शर्यतींसंबंधीं त्याच न्यायालयानें १९९६ सालीं ती कौशल्याची बाब आहे, जुगार नव्हे, असा निर्णय दिला होता. घोडा २०११ च्या यादींत नाहीं. एका मैदानावर तराजू व छापील नियम, दुसऱ्यावर तोंडी वहिवाट. कायद्याच्या दृष्टीनें दोहोंचें भवितव्य कसें निराळें झालें हें यांत दिसतें.

पुढें महाराष्ट्रानें २०१७ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून नियम केले. जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी, जामीन रक्कम, पशुवैद्याची तपासणी, काठी-चाबूक यांस मनाई व धांवेच्या अंतरास १००० मीटरांची मर्यादा अशीं बंधनें त्यांत आहेत. १६ डिसेंबर २०२१ रोजीं या नियमांखालीं शर्यतींस तात्पुरती मोकळीक मिळाली व १८ मे २०२३ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें दुरुस्ती कायम केली. या शेवटच्या निकालांत इतिहाससंशोधकांनीं वाचण्याजोगा एक भाग आहे. असा खेळ एखाद्या समाजाच्या संस्कृतीचा अंगभूत भाग आहे किंवा नाहीं हें ठरविण्यास धार्मिक, सांस्कृतिक व सामाजिक असा सखोल विचार हवा, तो न्यायालयाचा प्रांत नव्हे, आणि कायदेमंडळानें तसें मानलें असल्यास न्यायालय त्यांत हात घालणार नाहीं, असा त्याचा आशय. प्रकरण मुख्यत्वें जल्लिकट्टूचें असलें तरी निकाल आमच्या पटासही लागू आहे. आतां तो सखोल विचार करावयाचा कोणीं व कोणत्या साधनांवर? दोन्ही पक्षांनीं परंपरेचें नांव घेतलें. एकानें ती आहे म्हणून, दुसऱ्यानें ती असली तरी क्रूर म्हणून. या वादांत सनावळीसह एक वर्गणीयादी किंवा 'तुतारी लावूं नये' असा नियम छापलेलें एक पत्रक जितकें बोलेल तितकें दहा व्याख्यानें बोलणार नाहींत. तें पत्रक परंपरेच्या अभिमान्यांस सोयीचें ठरेल कीं गैरसोयीचें, हें आधीं ठरवून मात्र शोधूं नये.

कागद हातीं आल्यावर काय पाहावें याविषयीं दोन शब्द लिहून हा लेख पुरा करितों. पत्रकावर बहुधा तिथि व वार असतो, साल असतेंच असें नाहीं. कारण तें भिंतीवर चिकटविण्यासाठीं छापलेलें, जपण्यासाठीं नव्हे. साल नसेल तर तिथि व वार पंचांगाशीं ताडून संभाव्य सालें काढावीं. शके असेल तर पौष-माघासाठीं बहुधा ७९ मिळवावे, म्हणजे शके १८३२ चा माघ इ. स. १९११ त येतो. पौषाचे आरंभींचे दिवस डिसेंबरांत पडतात, तेथें ७८. निजामी वहिवाटीचा फसली सन घातलेला आढळल्यास पौष-माघासाठीं ५९१ मिळवावे. फसली १३२० चा पट १९११ चाच. फसलीचा आरंभ मृगापासून धरावा कीं हैदराबादेकडील पद्धतीनें पुढें ऑक्टोबरांत, हा नेहमींचा वाद पटाच्या कागदापुरता उद्भवत नाहीं, कारण पटाचा हंगाम दोन्ही आरंभांच्या पलीकडे पडतो.

छापखान्याचें नांव पत्रकाच्या तळाशीं बारीक अक्षरांत असतें. तें प्रथम टिपून घ्यावें, कारण कापलेल्या कडेबरोबर पहिल्यानें तेंच जातें. बक्षिसांच्या रकमांवर शाईनें खाडाखोड असल्यास ती खोडून स्वच्छ करण्याच्या भानगडींत पडूं नये. वर्गणी ठरल्याप्रमाणें जमली नाहीं म्हणून रक्कम उतरविल्याचा तो पुरावा असूं शकतो. आणि पत्रकाची पाठ पाहिल्याशिवाय तें चिकटवहींत लावूं नये. वऱ्हाडांतील खेड्यांत कागद महाग होता, पाठ कोरी सांपडली कीं तिजवर सरकीचा भाव, सालदाराची उचल, लोहाराचें देणें असें कांहींतरी लिहिलें जाई. त्या पाठीवरच पटांत धांवलेल्या जोडीचा खुराक व तिच्या धुरकऱ्याचें नांव मिळण्याचा संभव अधिक. मारेगांव, वणी, पांढरकवडा, राळेगांव या बाजूंच्या ज्या गृहस्थांकडे असे कागद असतील त्यांनीं मूळ आपल्याच जवळ ठेवून दोन्ही अंगांची नक्कल किंवा छायाचित्र पाठविलें तरी आमचें काम भागेल. मोडी लेखन असल्यास वाचनाची व्यवस्था आम्ही करूं.